पियानोचा पुरावा

मिथक आणि लोकप्रिय संस्कृती हा घटक पदव्युत्तर वर्गाला शिकवताना दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी ‘सुपरमॅन रिटर्न्स’चा विषय काढतो आणि दरवर्षी चर्चा एकाच जागी येऊन अडते. जेसन हा सुपरमॅनचा मुलगा आहे काय, आणि असल्यास बापाची शक्ती त्याच्यात उतरली आहे काय? वर्गाचे ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पियानो पाहिलात ना, मग आणखी कोणता पुरावा हवा? दुसरा तट म्हणतो, क्रिप्टोनाइट पाहिलेत ना, मग हा सुपरमॅनचा मुलगा कसा? प्राध्यापकांच्या खोलीत हा प्रकार सांगितला की तिसरा तट भेटतो. तो मंद हसतो आणि वाङ्मयाच्या वर्गात असल्या पोरकट गोष्टींना वेळ देऊ नये असे सुचवतो. प्रस्तुत लेख या तिन्ही तटांच्या विरोधात आहे. पहिले दोन तट चुकीचा प्रश्न अतिशय हुशारीने सोडवीत आहेत आणि तिसरा तट प्रश्न चुकीचा का आहे हे न सांगताच बाजूला होतो आहे, असे माझे म्हणणे आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथाभाग. ब्रायन सिंगर दिग्दर्शित हा चित्रपट २००६ साली आला. १९७८ चा ‘सुपरमॅन’ आणि १९८० चा ‘सुपरमॅन २’ यांच्या कथेला तो सैलपणे जोडलेला आहे. आपल्या नष्ट झालेल्या ग्रहाचे अवशेष शोधायला गेलेला सुपरमॅन पाच वर्षांनी परततो. तोवर लोइस लेनचा संसार जवळजवळ थाटला गेला आहे. ‘डेली प्लॅनेट’च्या संपादकाचा पुतण्या रिचर्ड व्हाइट याच्याशी तिचा वाङ्निश्चय झाला आहे आणि तिला जेसन नावाचा एक लहान मुलगा आहे. मुलगा अशक्त, दमेकरी. श्वासासाठी इनहेलर जवळ बाळगणारा. जगाला सुपरमॅनची गरज का नाही, या विषयावर लोइसने लिहिलेल्या लेखाला पुलित्झर पारितोषिक मिळाले आहे. एवढ्या मांडणीवरूनच कोणाही जाणत्या वाचकाला कळावे की इथे काहीतरी गंभीर घडण्याची शक्यता आहे. देवासारखा मानलेला पुरुष परत येतो तेव्हा त्याची जागा एका साध्या, सज्जन माणसाने भरून काढलेली असते आणि घरात जे मूल आहे ते बलवान नाही.

आता दोन्ही तटांचे पुरावे पाहू. लेक्स ल्यूथरच्या नौकेवर लोइस आणि जेसन कैदेत आहेत. ल्यूथरचा एक दांडगा साथीदार मुलाजवळ बसून पियानो वाजवतो. पुढे लोइस गुपचूप फॅक्स पाठवीत असताना तो तिच्यावर धावून जातो आणि आता ती वाचत नाही असे वाटत असतानाच तो अवजड पियानो खोलीतून भरधाव येऊन त्या माणसाला चिरडतो. मग आपल्याला दिसतो तो धापा टाकणारा मुलगा. हा झाला होकाराचा पुरावा. नकाराचे पुरावेही दुबळे नाहीत. ल्यूथर क्रिप्टोनाइट मुलापुढे धरतो तेव्हा मुलाला काहीही होत नाही. पुढे मायलेकांना एका कोठडीत कोंडले जाते, नौका बुडू लागते, पण या मुलाच्या हातून ते दार उघडत नाही. त्यांना सोडवायला आधी रिचर्ड आपले विमान घेऊन येतो आणि शेवटी सुपरमॅनलाच यावे लागते.

अभ्यासू चाहत्यांचा वाद याहून खोल जातो. १९८० च्या ‘सुपरमॅन २’मध्ये नायक लोइससाठी आपल्या शक्तीचा त्याग करतो आणि त्यानंतर त्यांचे मीलन होते. म्हणजे गर्भधारणेच्या वेळी बाप सामान्य माणूस होता. मग शक्ती आली कोठून? २००६ सालीच प्रकाशित झालेल्या, रिचर्ड डॉनर या मूळ दिग्दर्शकाच्या संकलनात मात्र क्रम उलटा आहे. तिथे मीलन आधी आणि शक्तित्याग नंतर. म्हणजे एकाच कथेच्या दोन पाठांत मुलाच्या पितृत्वाचा हिशेब वेगळा लागतो! पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला याचा आनंद व्हावा आणि मला तो होतो. त्याही आधी, १९६९ साली, लॅरी निव्हन या विज्ञानकथालेखकाने ‘मॅन ऑफ स्टील, वूमन ऑफ क्लीनेक्स’ नावाचा एक खट्याळ निबंध लिहून ठेवला होता. सुपरमॅनला मानवी स्त्रीपासून मूल होणे शरीरशास्त्रदृष्ट्या का अशक्य आहे याची त्यात विलक्षण गांभीर्याने चर्चा आहे. निव्हन थट्टा करीत होता. दुर्दैवाने त्याच्यानंतरच्या अनेकांनी ती थट्टा संशोधनपद्धती म्हणून स्वीकारली.

या ठिकाणी तिसरा तट आपले शस्त्र बाहेर काढतो. एल. सी. नाइट्स यांचा ‘लेडी मॅकबेथला मुले किती?’ हा १९३३ चा निबंध इंग्रजीच्या प्रत्येक अध्यापकाला ठाऊक असतो. पात्रांना खरीखुरी माणसे समजून संहितेबाहेरच्या त्यांच्या खासगी आयुष्याची चौकशी करणाऱ्या समीक्षेची त्या शीर्षकातच टर उडवलेली आहे. तेव्हा जेसनच्या रक्ताची तपासणी ही त्याच जातीची समीक्षा, सबब ती त्याज्य, असे हे प्राध्यापक म्हणतात. हा युक्तिवाद मला लागू वाटत नाही. लेडी मॅकबेथच्या मुलांची संख्या हा संहितेने न विचारलेला प्रश्न आहे. जेसनच्या पित्याचा प्रश्न मात्र संहितेच्या पोटातूनच येतो, तो मोठ्याने उच्चारला जातो, आणि कथेचे एक महत्त्वाचे वळण त्यावर बेतलेले आहे. म्हणून नाइट्सचे नाव घेऊन इथून निसटता येणार नाही. संहिता जेव्हा एखादा प्रश्न स्वतः विचारते तेव्हा समीक्षकाचे काम उत्तर देण्याचेही नसते आणि कानांवर हात ठेवण्याचेही नसते. हा प्रश्न कोण विचारतो, कोणाला विचारतो आणि विचारताना त्याच्या हातात काय असते, हे पाहण्याचे असते.

तर पाहू. या मुलाचा बाप कोण, हा प्रश्न चित्रपटात उघडपणे कोण विचारतो? लोइस नाही. रिचर्डच्या मनात शंका असली तरी ती मुलाबद्दल नसते. लोइसचे त्या माणसावर प्रेम होते काय, एवढेच तो तिला विचारतो. सुपरमॅनही विचारत नाही. तो प्रश्न विचारतो लेक्स ल्यूथर. बाप रिचर्ड आहे या उत्तरावर त्याचा विश्वास बसत नाही, तेव्हा तो हातातला हिरवा स्फटिक मुलासमोर धरतो. मुलगा जर खरोखर सुपरमॅनचा असता तर या परीक्षेचा अर्थ काय झाला असता याचा विचार आमच्या चर्चेत कोणी करीत नाही. त्या मुलाला यातना झाल्या असत्या, कदाचित त्याचा जीवही गेला असता. पितृत्वाची ती चाचणी म्हणजे विषप्रयोग होता. आणि आम्ही, वर्गात बसलेले वाङ्मयाचे अभ्यासक, त्या प्रसंगाकडे ‘क्रिप्टोनाइटचा परिणाम झाला नाही, नोंद घ्या’ अशा प्रयोगशाळेच्या भाषेत पाहतो. खलनायकाची दृष्टी आपण किती सहज उचलतो, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पियानोच्या प्रसंगाबाबत तर आमची बधिरता अधिकच उघडी पडते. ‘जेसनने पियानो ढकलला’ असे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. ‘जेसनने माणूस मारला’ असे वाक्य एकदाही ऐकलेले नाही. वस्तुतः घडते ते हे. पाचेक वर्षांचे एक मूल, ज्या माणसाशेजारी बसून त्याने थोड्याच वेळापूर्वी पियानो वाजवला, त्याच माणसाला त्याच वाद्याने ठार करते. आईला वाचवण्यासाठी करते, यात शंका नाही; त्याला दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण आपल्या हातून काय झाले याचे त्या मुलाला काय वाटले? त्याची आई त्याला काय म्हणाली? त्या रात्री त्याला झोप लागली का? चित्रपट याबद्दल अक्षर काढत नाही. प्रेक्षागृहात त्या क्षणी आनंदाचा चीत्कार उठतो, कारण प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते. एक मृत्यू हा पुरावा म्हणून दप्तरी दाखल होतो आणि कथा पुढे सरकते. सिंगर यांच्या चित्रपटाविरुद्ध माझी मुख्य तक्रार आहे ती ही. मुलाला शक्ती दिली ही नव्हे, तर शक्तीची साक्ष म्हणून एक मृतदेह आणला आणि त्या मृतदेहाचा भार मुलाच्या मनावर किती पडला हे विचारलेच नाही, ही.

बापाची ओळख मुलाच्या पराक्रमावरून पटावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही. म्हणूनच कालिदासाने ती कशी हाताळली हे आठवणे इथे अस्थानी होणार नाही. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुष्यंताला आश्रमात एक मुलगा दिसतो. सिंहाच्या छाव्याला ओढीत आणून त्याचे दात मोजायला निघालेला. म्हणजे पियानो इथेही आहे. पण कालिदासाने क्रम कसा लावला आहे पाहा. मुलाला पाहताच, तो कोणाचा हे कळण्याआधी, राजाच्या मनात वात्सल्य दाटून येते. हे कोणाचे तरी लेकरू आहे आणि ते कडेवर घेणारा भाग्यवान आहे, एवढेच त्याला आधी वाटते. पुरावा नंतर येतो आणि तोही सिंहाच्या छाव्यातून येत नाही, तर मनगटावरून गळून पडलेल्या एका ताईतातून येतो. आईबापांखेरीज इतर कोणी उचलल्यास त्याचा साप होतो असा तो ताईत. राजा तो उचलतो आणि काहीच होत नाही. बळ ही मुलाची क्रीडा आहे, पितृत्वाची साक्ष मात्र स्पर्श देतो. आणि महाभारतातली शकुंतला तर याच्याही पुढची. ती भर दरबारात उभी राहते, राजा तिला नाकारतो, आणि ती त्याला सत्याच्या नावाने खडसावते. लेकराने कोणाला तरी चिरडून दाखवावे, मग आपले म्हणणे खरे ठरेल, अशी तिची अपेक्षा नाही. ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये लोइस रुग्णालयात बेशुद्ध सुपरमॅनच्या कानात काहीतरी कुजबुजते, आपल्याला ते ऐकू येत नाही, आणि त्यानंतरच सुपरमॅन त्या मुलाच्या उशाशी येऊन उभा राहतो. पुरावा आधी, वात्सल्य नंतर. दोन कथांमधला हा क्रमाचा फरक मला फार मोठा वाटतो.

२००६ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण होते. ‘सुपरमॅन रिटर्न्स’ अमेरिकेत प्रदर्शित झाला त्याच्या काही दिवसच आधी आपल्याकडे ‘क्रिश’ प्रदर्शित झाला होता. आणि त्याच वर्षी बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये ग्रँट मॉरिसन या लेखकाने डेमियन नावाचा मुलगा बॅटमॅनच्या दारात आणून उभा केला. एकाच वर्षी तीन महानायकांना तीन पुत्र, आणि वारशाच्या तीन वेगवेगळ्या कल्पना! जेसनचा वारसा रक्ताचा. डेमियनकडे वारशाने येण्यासारखे बापाजवळ अलौकिक काही नव्हतेच, कारण बॅटमॅन हा शक्तिहीन महानायक आहे. डेमियनचे कौशल्य आले ते आईच्या घरच्या मारेकऱ्यांच्या तालमीतून, आणि बापाकडे आल्यावर त्याला नवे काही शिकण्यापेक्षा शिकलेले विसरावे लागते. माझ्या मते तिघांत सर्वांत प्रौढ कल्पना हीच.

‘क्रिश’ची गंमत निराळी. ‘कोई... मिल गया’मधल्या रोहितला शक्ती मिळाली ती जादू नावाच्या परग्रहवासीयाच्या कृपेने. ती त्याची जन्मजात नव्हे, कमावलेलीही नव्हे, तर मिळालेली. तरीही ती त्याच्या मुलात, कृष्णात, जन्मतः उतरते. मिळवलेले गुण संततीत उतरतात हा लामार्कचा सिद्धांत. उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या छाटल्या तरी पिल्ले शेपटीसकटच जन्मतात हे वाइझमनने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. पण विज्ञान बाजूला ठेवू. दिग्दर्शक बाप, नायक मुलगा, आणि पडद्यावर तोच नायक बापाच्या व मुलाच्या अशा दोन्ही भूमिकांत, हे पाहिल्यावर शक्ती वंशात वाहते ही श्रद्धा केवळ पटकथेची नाही, ज्या व्यवसायातून ती पटकथा आली त्याचीही आहे, असे म्हटल्यास ते अन्यायाचे ठरू नये. तरीसुद्धा ‘क्रिश’मध्ये एक गोष्ट आहे जी सिंगर यांच्या चित्रपटात नाही. कृष्णाची आजी. नातवाची असामान्य बुद्धी शाळेत उघडी पडते आहे असे दिसताच ती त्याला घेऊन दूर डोंगरात जाऊन राहते. ‘शक्ती उतरली आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले की पुढे मुलाचे काय होते हे तिने स्वतःच्या मुलाबाबत भोगलेले आहे. हा प्रश्न कुतूहलाचा नाही, धोक्याचा आहे, हे या सगळ्या कथांतून ओळखणारी ती एकटी. तिला आपल्या समीक्षेत कोणी विचारले नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येऊ शकतो. सुपरमॅन ही कथाच मुळी जन्माने मिळालेल्या शक्तीची आहे. मग त्याच्या मुलाबाबत रक्ताचा प्रश्न विचारणे गैर कसे? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो कथेच्या निम्म्याच भागावर उभा आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडमध्ये वाढलेल्या, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या दोन तरुणांनी १९३८ साली ही कथा प्रथम छापून आणली तेव्हा पहिल्याच पानावर हे बाळ अनाथालयात दाखल होते. पुढे १९३९ मध्ये केंट दांपत्य आले आणि कालांतराने कॅन्ससचे शेत आले. १९६० च्या सुमारास कॉमिकच्या लेखकांनी आणखी एक महत्त्वाची दुरुस्ती केली. सुपरमॅनचे बळ आपल्या पिवळ्या सूर्याच्या प्रकाशातून येते, क्रिप्टॉनच्या तांबड्या सूर्याखाली तो चारचौघांसारखाच राहिला असता, असे ठरले. या दुरुस्तीचा अर्थ नीट पाहा. जोर-एल हा काही महाबली नव्हता. तो एक शास्त्रज्ञ होता, आपल्या घरच्या सूर्याखाली सामान्य. मुलाची शक्ती ही बापाच्या रक्तापेक्षा परमुलुखाच्या उन्हाची देणगी आहे. आणि त्या शक्तीचे काय करायचे हे ज्यांनी शिकवले त्यांचे तर त्याच्याशी रक्ताचे नातेच नाही. केंटांच्या घरी हा मुलगा पोचला नसता तर आकाशातून उडणारा एक गुंड तेवढा झाला असता. म्हणजे सुपरमॅनला सुपरमॅन करणारी गोष्ट जर वारशाने आलेली असेल तर ती दत्तक वारशाने आली आहे.

‘दत्तक वारस’ हे शब्द मराठी माणसाच्या कानाला विशेष ओळखीचे आहेत. १८४८ साली सातारा आणि पुढे काही वर्षांत झाशी खालसा करताना डलहौसीने हाच न्याय लावला होता: औरस संतती नाही, सबब वारस नाही. दत्तकपुत्र हा पुत्रच, ही आपली जुनी समजूत त्याने राज्यांपुरती धुडकावली, आणि आपण ते शाळेच्या पुस्तकात अन्याय म्हणून शिकलो. मग रिचर्ड व्हाइटसमोर बसून जेसनच्या ‘खऱ्या’ बापाची चर्चा करताना आपण डलहौसीच्या बाजूला का जाऊन बसतो? रिचर्डने ते मूल वाढवले आहे. बुडत्या नौकेजवळ आपले विमान उतरवून तो आत शिरला आहे. आपल्या प्रतिस्पर्ध्याला समुद्रातून बाहेर काढण्यासाठी त्याने ते विमान मागे वळवले आहे. हे सर्व त्याने कोणत्याही शक्तीविना केले आहे. जेसन पुढे चांगला माणूस झाला तर त्याचा वारसा कोणाचा मानायचा, याचे उत्तर शोधायला पियानो लागत नाही.

खरोखरच्या वारशाचा प्रश्न ज्यांच्या बाबतीत विचारायला हवा ते वेगळेच आहेत. सीगल आणि शूस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ साली १३० डॉलरला विकले. दोघांची उतारवये हलाखीत गेली. १९७५ साली लोकमताच्या दडपणामुळे कंपनीने त्यांना निर्वाहवेतन सुरू केले आणि जनक म्हणून त्यांचे नाव छापायला पुन्हा सुरुवात केली. शूस्टर १९९२ मध्ये, सीगल १९९६ मध्ये वारले. सीगलची पत्नी आणि मुलगी यांनी कायद्याचा आधार घेऊन हक्क परत मागितले. २००८ साली न्यायालयाने पहिल्या कथेपुरते त्यांचे म्हणणे मान्य केले, पण २०१३ साली वरिष्ठ न्यायालयाने मधल्या काळातल्या एका समझोत्याचा हवाला देऊन कंपनीची बाजू उचलून धरली. शूस्टरच्या वारसांचाही दावा टिकला नाही. बापाची शक्ती मुलाबाळांत उतरते काय, याचे हे न्यायालयीन उत्तर. पडद्यावर एका काल्पनिक मुलाच्या धमन्यांत काय वाहते याचा काथ्याकूट चालू असताना, ज्यांनी ते रक्त कल्पिले त्यांच्या लेकीबाळी न्यायालयाच्या पायऱ्या चढत होत्या. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी वारसा या विषयावर बोलायचे ठरवले तर सुरुवात इथून व्हायला हरकत नव्हती.

त्यानंतरच्या काळात कथेने स्वतःही काही उत्तरे शोधली. २०१५ साली कॉमिकमध्ये लोइस आणि सुपरमॅनला जॉन नावाचा मुलगा झाला, आणि २०२१ मध्ये तो बापाचे नाव लावून उडूही लागला. तिथे शंकेला जागा नाही आणि म्हणून या प्रश्नापुरते त्यात फारसे नाट्यही नाही. त्यापेक्षा २०२१ ते २०२४ या काळात चाललेली ‘सुपरमॅन अँड लोइस’ ही मालिका अधिक धीट निघाली. जुळे भाऊ, धट्टाकट्टा, खेळाडू जोनाथन कोराच राहतो आणि मनाने भेदरलेल्या जॉर्डनमध्ये शक्ती प्रकट होते. ज्याला काहीच मिळाले नाही त्या भावाच्या वाट्याला काय येते, हा खरा कादंबरीचा विषय. मालिकेने तो बरीच वर्षे नेटाने सांभाळला आणि अखेरच्या सत्रात जोनाथनलाही शक्ती देऊन स्वतःच मोडून टाकला. वारस कोरा राहिलेला आपल्याला बघवत नाही, एवढाच याचा अर्थ.

सर्वांत स्पष्ट उत्तर आले ते २०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये. जेम्स गन दिग्दर्शित या चित्रपटात नायकाला त्याच्या जन्मदात्यांचा अर्धवट जपला गेलेला संदेश आधार देत असतो. पुढे त्या संदेशाचा उरलेला भाग उघडकीला येतो, आणि त्यात आईबापांनी सांगितलेले असते की पृथ्वीवर राज्य कर, अनेक स्त्रिया कर, आपला वंश वाढव. रक्ताने जे सांगितले ते हे! नायक कोलमडतो. त्याला उभे करतात ते कॅन्ससच्या घरातले म्हातारे आईबाप, आणि अखेरीस तो जे पाहत बसतो ते जन्मदात्यांचे चित्रण नसून केंटांच्या घरच्या, त्याच्या लहानपणीच्या साध्या चित्रफिती असतात. २००६ चा सुपरमॅन झोपलेल्या मुलाच्या उशाशी उभा राहून जोर-एलचेच शब्द पुढच्या पिढीच्या हवाली करतो. पुत्र पित्यात आणि पिता पुत्रात मिसळून जातो अशा आशयाचे. २०२५ चा सुपरमॅन तो संदेश आपला म्हणून मानायचे नाकारतो. मधल्या एकोणीस वर्षांत कथेने जे ओळखले ते आमच्या वर्गातल्या चर्चेने अजून ओळखलेले नाही.

जाता जाता एक खासगी गोष्ट सांगतो. मी स्वतः दमेकरी मूल होतो. शाळेच्या मैदानाच्या कडेला बसून इतरांचे खेळ पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे ‘सुपरमॅन रिटर्न्स’ प्रथम पाहताना इनहेलर ओढणारा तो मुलगा पडद्यावर आला तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. महानायकाच्या कथेत एक दुर्बळ मूल आहे आणि त्याच्यावर त्याच्या घरच्यांचे प्रेम आहे, एवढ्यावर मी खूश होतो. पियानो सरकला आणि बाकीचे प्रेक्षागृह आनंदले, तेव्हा मला माझ्याजवळून काहीतरी काढून घेतल्यासारखे झाले. आता त्या मुलाचा दमा हा दमा राहिला नव्हता. ती एक फसवी खूण ठरली होती, जिच्याआड खरी, मोलाची गोष्ट दडलेली होती. दुर्बळ मूल सहन केले जाते ते अशा अटीवर, की ते आतून दुर्बळ नाही असे कधीतरी सिद्ध होईल.

वर्गात आमच्यासमोर अशी मुले रोज बसतात. कोणाच्या घरात पुस्तक नाही, कोणाचा बाप कोणीच नाही, कोणाच्या अंगी अमुक घराण्याचे गुण उतरलेले नाहीत. त्यांनी कधीतरी पियानो ढकलून दाखवावा अशी वाट पाहत आम्ही बसतो, आणि ज्यांचे आडनाव आम्हाला ओळखीचे आहे त्यांच्याकडून मात्र पुरावा मागत नाही. म्हणून पुढच्या वर्षी कोणी तो जुना प्रश्न विचारला, तर मी उत्तर देणार नाही. मी विचारणार आहे की त्या रात्री जेसनला झोप लागली असेल का, आणि लागली असेल तर त्याच्याजवळ कोण बसले असेल. माझा अंदाज आहे, रिचर्ड.